गजरीचा भाव

नाकाला बंदर, मोझांबिक
१७ ऑगस्ट २०२५

आप्पा,

माझा आवाज ऐकला की तुमी फोन सृष्टीच्या हातात देऊन गोठ्याकडं जाता, म्हणून कागदावर लिहितोय. कागदाला आवाज नसतो. ह्याचा फोटो काढून सृष्टीला धाडतो, ती वाचून दाखवंल. सृष्टे, भावाची लाज राखायला म्हणून मधल्या ओळी गाळायच्या न्हाईत. शिवी आली तर शिवीसकट वाच.

आधी कामाचं. घरात ठेवलेली तूर विका. बावीसच्या बावीस पोती, ह्याच आठवड्यात.

का, ते सांगतो. तुमी गावात सांगता का न्हाय ते म्हाईत न्हाय, पण तुमचा वैजनाथ परदेशात हाय. परदेश म्हंजी काय ते ऐका. एक पत्र्याचं गोदाम. आपल्या लोहाऱ्याच्या मार्केट यार्डाला दहानं गुणा आणि त्यातनं चहाची टपरी वजा करा. झाला परदेश. लातूरच्या डाळमिलचा मुनीम श्रीमंत मला म्हणाला व्हता, "तुला दाणा कळतो रं, तिकडं ग्रेडर लागतो." आठवी नापास माणूस ग्रेडर झाला. काम एवढंच. पोत्यात पोकळ सळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली धरायचा. टक्क वाजला तर वाळलेला, दबला तर वला. तुमीच शिकवलेलं. गोदामाच्या शेठजवळ ओलावा मोजायचं मशीन हाय, पण शेठ आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग मशीनकडं.

आणि गोदामात हाय काय? तूर. डोंगरच्या डोंगर. हितली माणसं ती फारशी खात न्हाईत, आपल्यासाठी पेरतात. आता काढणी झाली, सप्टेंबरात जहाजं भरतील, दिवाळीला माल तुमच्या बाजारात हजर. वर कर माफ. शहरातल्या माणसाच्या वाटीतलं वरण जरा पातळ झालं की दिल्लीला घाम फुटतो, मग ती समुद्रापल्याडची दारं उघडती. तुमच्या घरातलं वरण पातळ झालं तर दिल्लीला पंख्याखाली गार झोप लागती.

मागल्या उन्हाळ्यात बारा हजार भाव व्हता. तुमी त्या बारा हजारावर अंडी उबवत बसलाय. हमीभावाच्या केंद्रावर नंबर आलेला सोडला. का, तर बारा पुन्हा येणार. कोण म्हणालं? बब्रुवान म्हणाला. शेजारी बसून जगाचा बाजार सांगणारा बब्रुवान! त्यानं हाटेलातल्या टीव्हीपलीकडचा बाजार जन्मात बघितला न्हाय. मी जहाज बघतोय, आप्पा. जेवायला बसतो तिथनं दिसतंय.

अजून एक. हितल्या तुरीला आपल्या बाजारात 'गजरी' म्हणतात. बारीक, तांबूस दाणा. शेठ फोनवर दिवसभर वरडत असतो, "गजरी कितीला? गजरीत खोट काढ, भाव पाड. गजरीला विचारतं कोण?" आपल्या गजराबाईला तिच्या माहेरची माणसं गजरीच म्हणायची. मेलेल्या आईचं नाव असं परक्याच्या तोंडात ऐकून पयल्या दिवशी मी त्याच्या अंगावर गेलतो. आता सवय झाली. सवय लई नालायक गोष्ट हाय.

विका.

वैजू


नाकाला
३० ऑगस्ट

आप्पा,

सृष्टीनं तुमचं उत्तर जसंच्या तसं कळवलं. "ज्यानं घरातलं बी विकलं, त्यानं मला कधी विकायचं ते शिकवू ने." आणि वरनं म्हणालात म्हणं, "लबाडाच्या तोंडची तारीख कोण धरतं?"

बरं. शेवटचं सांगतो. बी म्या जाणून विकलं न्हाय.

आई जाऊन सव्वा महिना झाला व्हता. भाव बारा हजाराला टेकला. श्रीमंत मुनीम जीप घेऊन दारात. तुमी सातबाऱ्याच्या कामाला तहसीलला गेलेला. घरात खायची-विकायची तूर चार पोती आणि कोपऱ्यात आईनं पेरायला ठेवलेलं पाचवं. मुनीम हॉर्न वाजवायलाय, हमाल घाई करायलेत. पोत्यात पोतं गेलं. मृगाला तुमी कोपऱ्यात बघितलं, तर कोपरा रिकामा. आईच्या माहेरनं आलेली तांबडी तूर, तिनं तीस वर्षं जपलेली, गेली. ते मला कळतंय. पण चूक ती चूक. सव्वा वर्ष झालं, तुमी ती चूक उशाला घेऊन झोपताय.

दुकानातल्या पाकिटाच्या बियाला बावीस पोती झालीच ना? मग?

आता हितलं ऐका, म्हंजी भाव कोण ठरवतं ते तुमाला कळंल.

काल साहेब लोक आलते. एक आपल्याकडचा, एक हितला, आणि एक गोरा, कुठल्याशा जगभर शहाणपण वाटणाऱ्या संस्थेचा. गोदाम झाडून घेतलं, पाठीमागं कापडी फलक लावला. मला पांढरा शर्ट घालून ताटात तूर घेऊन उभं केलं, जसं काय मी नवरीकडचा. आपल्याकडच्या साहेबानं चिमूटभर उचलली.

"मसूर ना ही?"

"तूर हाय, साहेब."

"तेच ते."

तेच ते! आप्पा, ज्याला तूर आणि मसूर वळखू येत न्हाय, त्यो पुढं अर्धा तास तुरीच्या धोरणावर बोलला. दोन्ही देशांतल्या शेतकऱ्यांचा फायदा, म्हणाला. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी अमिसी उभा व्हता. अमिसी हितलाच, माझ्याच वयाचा, पोती उचलतो. त्याला मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, साहेब म्हणतोय शेतकऱ्याचा फायदा. अमिसीनं सगळं गोदाम नजरेनं हुडकलं आणि विचारलं, "कुठल्या? हितं तर एक बी न्हाय."

मग जेवणं झाली. कोळंबी व्हती, कोंबडी व्हती, काजू व्हता. ज्या तुरीचं लगीन लावायला आलते, तिचं वरण कुणाच्या ताटात न्हवतं.

ह्या अमिसीची एक गंमत हाय. रोज सकाळी तोंडावर पाणी मारायच्या आधी मला विचारतो, "देली फालोउ?" म्हंजी, दिल्ली बोलली का? त्याच्या गावात सगळेच असं विचारतात. आपण नाही का विचारत, येरमाळ्याकडं पाऊस झाला का, तसं. दिल्ली त्यांना शहर वाटतच न्हाय, आभाळ वाटतं.

आणि तुमी बब्रुवानाला विचारता.

पयलं जहाज पंधरा तारखेनंतर भरंल. तुरीला भुंगा लागायच्या आत विका. माझं ऐकू नका, भुंग्याचं तर ऐका.

वैजू


नाकाला
२४ सप्टेंबर

आप्पा,

सृष्टीनं व्हिडिओ धाडला. बांधावरनं पाणी वाहतंय, सोयाबीन कुठं हाय ते कळंना. तुमी कमरेएवढ्या पाण्यात उभे, हातात काहीच न्हाय, नुसते उभे. म्या तीनदा बघितला.

सोयाबीन गेलं. म्हंजी आता घरात बावीस पोती तूर आणि तुमची जिद्द, एवढंच पीक हाय.

आणि सृष्टी मला सांगणार न्हवती, म्या काढून घेतलं. धाराशिवला नर्सिंगला तिचा नंबर लागलाय. फी भरून हॉस्टेलला जायला चार ऑक्टोबर शेवटची तारीख. तुमी म्हणालात, "तूर बाराला गेली की भरू." न्हाय भरली तर? तर म्हणं आष्ट्याचं स्थळ हाय. व्हय आप्पा? दिल्लीच्या एका सहीवर पोरगी नर्स होणार का आष्ट्याची सून, हे ठरणार? माझा पगार म्या धाडला असता, पण शेठ तीन महिन्यांचा एकदम देतो, तो बी दिवाळीला. शेठ बी थोर.

जहाज परवा सुटलं. म्या पास केलेली तूर घेऊन. माझ्या दातानं टक्क वाजवून तुमच्याकडं धाडलेली. पंचवीस दिवसांत पोचंल. आडतवाले जहाज पोचायची वाट बघत न्हाईत, सुटल्याची बातमी लागली की भाव पाडतात.

एवढं लिहून म्या पत्र बंद करणार व्हतो. पण रविवारी एक झालं.

अमिसी मला त्याच्या गावाला घेऊन गेला. टेंपोत अडीच तास, आपल्या वडापच्या जीपसारखाच, माणसावर माणूस. कुडाचं घर, पुढं काजूचं झाड. त्याची म्हातारी आई दारात बसलेली. अमिसीनं तिला सांगितलं, हा भारतातला. म्हातारी उठली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बोलायला लागली. अमिसी हसत हसत सांगू लागला, पण पुढं त्याचं हसणं बंद झालं.

नऊ-दहा वर्षांमागं म्हणं आपल्याकडं तुरीला भाव लई चढला व्हता. तेव्हा आपली माणसं इकडं आली, तूर पेरा म्हणाली, जेवढी पिकंल तेवढी घेतो. ह्यांनी मका मोडून तूर पेरली. पीक आलं आणि दिल्लीनं दार लावलं. कोटा ठरला, त्यापल्याड नको. घ्यायला कुणी न्हाय. हिच्या नवऱ्यानं पोती घेऊन दोन महिने रस्त्याच्या कडेला मुक्काम केला. शेवटी शेळ्यांना घातली. त्या वर्षी घरात मका न्हवता, कारण मका मोडला व्हता. म्हातारीनं मला विचारलं, "तुमच्याकडच्या माणसांना तूर अचानक आवडंनाशी झाली का?"

काय सांगू, आप्पा? तुमचा भाव पाडायला ह्यांना पेरायला लावलं, आणि मग तुमचं नाव सांगून ह्यांना बुडवलं. तुमी हितल्या तुरीला शिव्या देता, ह्यो अमिसी दिल्लीला आभाळ म्हणतो. दोघं बी येडे. आणि मधी मी, सळी घेऊन.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, मग अजून का पेरता? म्हातारी आत गेली. पत्र्याचा डबा घेऊन आली. माझ्या तळहातावर मूठभर बी ओतलं. तांबडी, बारीक तूर. आईच्या तुरीसारखी हुबेहूब असं म्हणणार न्हाय, आईच्या तुरीला पोटाशी काळा ठिपका असायचा. पण तांबडी. आणि सगळी राखेनं माखलेली.

सवयीनं एक दाणा दाताखाली धरला. टक्क वाजला. आणि जिभेवर राख आली.

पुढचं उद्या लिहितो.

वैजू


नाकाला
२५ सप्टेंबर

आप्पा,

सृष्टे, हे पत्र आप्पांना एकट्याला वाचून दाखव. बब्रुवान बसला असंल तर उठव.

पोत्यात पोतं गेलं न्हवतं.

आई बियाला राख लावून ठेवायची. बाभळीची, चाळलेली. राखेची तूर आडतीत घेतली तर मातेरं म्हणून घेतात, भाव तोडतात. हे मला म्हाईत व्हतं. तुमी तहसीलला गेला त्या दिवशी सकाळी दहा वाजता म्या ते पाचवं पोतं गोठ्यामागं नेलं, सोडलं, आणि राख पुसत बसलो. ज्या लुगड्याच्या फडक्यानं आईनं पोत्याचं तोंड बांधलं व्हतं, त्याच फडक्यानं. सुपात घ्यायचं, पाखडायचं, पुसायचं. जीप चारला आली. तवर मी पुसतच व्हतो.

दुपारभर चालती ती चूक नसती, आप्पा.

मुनीम म्हणाला व्हता, पासपोर्टला आणि एजंटाला आठवड्यात पैसे भर, न्हाय तर दुसरा माणूस बघतो. चार पोत्यांत बसत न्हवतं. पाचवं घातलं की बसत व्हतं. मला त्या गावातनं जायचं व्हतं. आई गेल्यावर ते घर मला खायला उठायचं आणि तुमी तर बोलायचाच न्हाईत. आई असती तर म्या हात लावला नसता, असं म्हणावं वाटतंय. पण खरं सांगायला बसलोय तर ते बी सांगत न्हाय. लावला बी असता.

दिल्लीला मी तीन पत्रांत शिव्या दिल्या. दिल्लीनं जे केलं तेच म्या केलं, आजच्या भावाकडं बघून उद्याचं बी विकलं. फरक एवढाच, दिल्लीनं फडक्यानं पुसत बसायचे कष्ट घेतले नसते.

फडकं माझ्याजवळ हाय. धुतलं न्हाय.

लबाडाच्या तोंडची तारीख धरत न्हाई, म्हणालात. म्हणून लबाडी काढून ठेवली. आता तरी तारीख धरा. एकोणतीसच्या आत विका, म्हंजी चारच्या आत फी भरता यील. भाव किती का येईना. सृष्टीला आष्ट्याला धाडू नका.

वैजनाथ गुंडाप्पा


नाकाला
९ नोव्हेंबर

सृष्टे,

तुझं पत्र मिळालं. पोरी, तुझं अक्षर माझ्यापेक्षा वंगाळ हाय, औषधाची नावं लिहिताना जरा सांभाळ, न्हाय तर माणसं मारशील.

तू लिहिलंस ते मी पाचदा वाचलं. माझं पत्र ऐकून आप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो बोलावला आणि बावीस पोती साडेसहा हजारानं आडतीत घालून आले. तिथनं तुझी पेटी घेऊन सरळ धाराशिवची एसटी. हॉस्टेलच्या दारात तुला म्हणाले, "कुणाचं पोतं सोडायचं झालं तर आधी विचारत जा." एवढंच.

आणि मग दिल्ली बोलली! बोलली बी न्हाय, नुसती खाकरली. टीव्हीवर कुणी तरी म्हणालं, आयात तुरीवर पुन्हा कर बसणार. दिवाळीच्या तोंडावर भाव आठशेनं वर. आपली तूर विकून तीन आठवडे झालेले. बब्रुवानानं म्हणं तेरखेड्याची हजार फटाक्यांची माळ आपल्या दारापुढं आणून लावली आणि चारचौघांत म्हणाला, "काय गुंडाप्पा, आफ्रिकेच्या पोरानं बुडवलं का न्हाय?"

त्यावर आप्पांनी काय केलं, ते तू लिहिलेलं मी अमिसीला बी सांगितलं, त्याच्या भाषेत घालून. आप्पा माळ संपूस्तवर थांबले. कागदाचे कपटे बाजूला सारले, आणि म्हणाले,

"माझं पोरगं खरं बोललं. दिल्लीचं मला म्हाईत न्हाय."

अमिसी पोत्यावर बसला. म्हणाला, तुझा बाप गावात एकटाच शहाणा दिसतो. म्हणलं, न्हाय, त्यो बी येडाच हाय. पण लई जुना येडा हाय.

नऊ दिवसांनी त्या बातमीत दम न्हवता म्हणून कळलं, जहाजं लागली, भाव आपल्या साडेसहाच्या बी खाली गेला. म्हंजी मी बरोबर ठरलो का? नऊ दिवस चूक, मग बरोबर, उद्या देव जाणे. आता तू लिहितीस, आप्पा म्हणतात पुढल्या वर्षी कधी विकायचं ते वैजूला विचार. विचारू नका म्हणावं. मला फक्त दाणा वाळला का वला एवढं कळतं. बाकीचं ज्यांना कळायला पायजे, त्यांना मसूर कळती.

अमिसीच्या आईनं मला त्यातलं मूठभर तांबडं बी बांधून दिलंय. पोटाला ठिपका नसला तरी तांबडं हाय, म्हणलं आप्पांना दाखवावं. चौकशी केली. विमानतळावर बी नेऊ देत न्हाईत, रोग पसरतो म्हणं. रोज मी हजार पोती पास करतो, ती समुद्रावरनं वाजतगाजत जातात. माझ्या खिशातल्या एका मुठीनं देश आजारी पडतो. पुडी परत केली तर म्हातारीला वाईट वाटंल, म्हणून आईच्या फडक्यात बांधून खाटेखाली ठेवलीय.

पत्राच्या शेवटी तू आप्पांचा एक प्रश्न लिहिलायस. दीड वर्षात मला विचारलेला पयला. "तिकडं बियाला राख कशाची लावतात, ते विचार."

विचारलं. सांग त्यांना, काजूच्या लाकडाची. आपल्या बाभळीच्या राखेपरास जरा पांढरी.

चव तीच.

वैजू